‘पुरळच तर आहे!’ म्हणणाऱ्यांना

‘पुरळच तर आहे, पावसाळ्यात कोणाला येत नाही?’ गिरगावापासून परळपर्यंत कुठल्याही दवाखान्याच्या बाकड्यावर हे वाक्य कानावर पडतं. रुग्ण ते म्हणतो तेव्हा राग येत नाही. त्याला कामाचा खाडा परवडत नाही, तपासणीचा खर्च परवडत नाही, आणि २०२० साली तर आपल्यापायी अख्खी चाळ सील होईल ही धास्ती होती. पण तेच वाक्य मोठ्या रुग्णालयांतले तज्ज्ञ, साथीचे तक्ते आखणारे अधिकारी आणि आता कोरोनाचा इतिहास लिहायला बसलेले विद्वान म्हणू लागतात, तेव्हा त्याचं धोरण होतं. हे धोरण आळशी आहे, आणि त्या आळसाची किंमत पुढच्या साथीत पुन्हा रुग्णांनीच मोजायची आहे.

या मंडळींचं म्हणणं त्यांच्याच जोरात मांडतो, म्हणजे विपर्यास केल्याची तक्रार नको. कोरोना हा फुप्फुसांचा आजार. माणसं गेली ती प्राणवायूवाचून, खाजेने कोणी गेलं नाही. अंगावर चट्टे आले ते मोजक्यांना, आले तसे गेले, आणि त्यातले बरेचसे औषधांच्या उष्णतेने आले असणार. मुंबईच्या दमट हवेत घामोळं, गजकर्ण आणि डेंगी यांच्या गर्दीत त्या चट्ट्यांचा अर्थ लावायचा कोणी? कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरने? त्याने तापाची गोळी द्यावी आणि चिठ्ठी लिहून वर पाठवावं. शिवाय आता साथ सरली. शिळ्या कढीला ऊत कशाला?

एकेक घेऊ.

‘मोजक्यांना’ म्हणजे कितीजणांना, आणि मोजलं कोणी? चीनमधल्या ५५२ रुग्णालयांतल्या १,०९९ रुग्णांचा गाजलेला अभ्यास फेब्रुवारी २०२०च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. त्यात पुरळ असलेले रुग्ण होते दोन, म्हणजे ०.२ टक्के. पुढच्याच महिन्यात इटलीतल्या लोम्बार्डीमधून, लेक्को शहराच्या रुग्णालयातून ८८ रुग्णांचं टिपण आलं. तिथे त्वचारोगतज्ज्ञ स्वतः कोविडच्या रुग्णांत वावरत होते. त्यांना १८ जणांच्या अंगावर काही ना काही सापडलं. १४ जणांना लालसर पुरळ, तिघांच्या अंगभर पित्ताच्या गांधी, एकाला कांजिण्यांसारखे फोड. २०.४ टक्के! विषाणू तोच, वर्ष तेच, आणि आकड्यांत शंभरपट फरक. लोम्बार्डीच्या लोकांची कातडी जगावेगळी होती का? की तिथे कोणीतरी अंगावरची चादर बाजूला करून पाहिलं होतं?

‘औषधांची उष्णता’ म्हणणाऱ्यांसाठीही लेक्कोत उत्तर आहे. आधीच्या पंधरा दिवसांत ज्यांनी कुठलंही नवं औषध घेतलं होतं असे ६० रुग्ण त्या डॉक्टरांनी हिशेबातून आधीच वगळले होते. अठरांपैकी आठ जणांना तर पुरळ आजाराच्या सुरुवातीलाच आलं होतं. आणि समजा, आपल्याकडचं एखादं पुरळ खरोखरच औषधाचं असेल, तर ते दुर्लक्षाचं कारण कसं होतं? हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, फॅविपिराविर, आयव्हरमेक्टिन आणि वर दोन-दोन अँटिबायोटिकं, अशी औषधांची खैरात आपण २०२० आणि २०२१ साली केली. यातलं कोणतं औषध आधी बंद करायचं, हे अंग न पाहताच कसं ठरवणार होतात?

ब्रिटनमध्ये सामान्य लोकांनी रोजची लक्षणं मोबाइलवर नोंदवली. लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या संशोधकांनी अशा ३,३६,८४७ जणांच्या नोंदी तपासल्या. पॉझिटिव्ह निघालेल्यांपैकी ८.८ टक्क्यांनी त्वचेची लक्षणं सांगितली, निगेटिव्ह निघालेल्यांपैकी ५.४ टक्क्यांनी. त्वचेविषयीच्या वेगळ्या पाहणीत पॉझिटिव्ह असलेल्यांपैकी १७ टक्क्यांना पुरळ हेच पहिलं लक्षण होतं आणि २१ टक्क्यांना तेच एकमेव. त्वचेची तक्रार असलेलेच अशी पाहणी हौसेने भरतात, हे धरून आकडा निम्म्यावर आणा. तरीही खोकला नाही, ताप नाही, आणि तरी संसर्ग आहे, अशी माणसं उरतातच. त्यांना आपल्याकडे कोणी ओळखलं?

आपल्याकडचं सांगायचं, तर जुलै २०२० मध्ये निती आयोग, महापालिका आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी मुंबईच्या तीन वॉर्डांत रक्ताची पाहणी केली. दादरला खेटून असलेला माटुंग्याचा एफ उत्तर वॉर्ड त्यातला एक. झोपडपट्ट्यांत ५७ टक्के आणि इतरत्र १६ टक्के लोकांच्या रक्तात विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं सापडली. अधिकृत रुग्णसंख्या याच्या पासंगालाही पुरत नव्हती. म्हणजे लाखो मुंबईकरांना संसर्ग होऊन गेला आणि तो कोणाच्या वहीत आला नाही. न मोजलेल्या या लाखोंच्या अंगावर काय उठलं नि काय विरलं, हे ठाऊक नसताना ‘मोजक्यांना’ हा शब्द कोणत्या तोंडाने वापरता?

आता दुसरा दावा, पुरळाने कोणी मरत नाही. परळच्या बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालयातल्या डॉक्टरांना हे सांगून पाहा. २०२०च्या पावसाळ्यात तिथे जी मुलं येऊ लागली, त्यांची कहाणी साधारण एकसारखी होती. घरात कोणाला तरी कोरोना होऊन गेलेला. मग दोन ते सहा आठवड्यांनी मुलाला काही केल्या न उतरणारा ताप, अंगावर पुरळ, पू नसलेले लालबुंद डोळे, फुटलेले लाल ओठ, सुजलेले तळवे, पोटदुखी. नाकातल्या नमुन्याची तपासणी बऱ्याचदा निगेटिव्ह, कारण विषाणू निघून गेलेला आणि मागे शरीराचाच भडका उरलेला. या भडक्यात हृदय सापडतं, रक्तदाब कोसळतो. वेळेवर इम्युनोग्लोब्युलिन आणि स्टिरॉइड मिळालं तर बहुतेक मुलं वाचतात. जागतिक आरोग्य संघटनेने १५ मे २०२० रोजी या आजाराची व्याख्या जाहीर केली. तीन दिवसांच्या तापानंतरच्या निकषांत पहिला निकष कोणता होता? पुरळ, लाल डोळे, तोंडाच्या किंवा हातापायांच्या त्वचेचा दाह. हृदय त्याच्या खाली. लालबागच्या आईने अशा मुलाला आधी कोणाकडे नेलं असेल? कोपऱ्यावरच्या दवाखान्यातच ना? तिथे ‘गोवराचं असेल’ म्हणून गेलेले दोन दिवस कोणाच्या नावावर मांडायचे?

मोठ्यांचंही तसंच. स्पेनमधल्या त्वचारोगतज्ज्ञांनी ३७५ रुग्ण तपासून पाच प्रकार पाडले. सर्वांत जास्त, ४७ टक्के, साधं चपटं-उंच पुरळ. पण ६ टक्के रुग्णांच्या त्वचेवर जाळीसारख्या जांभळ्या रेषा होत्या किंवा त्वचा मरू लागली होती. ही रक्तवाहिन्या तुंबल्याची खूण. हे रुग्ण वयस्कर होते, गंभीर होते, आणि त्यांच्यातले १० टक्के दगावले. कोणतं पुरळ घरी पाठवायचं आणि कोणतं केईएमला, हे कळण्यासाठी ते आधी पाहावं लागतं. इतकी साधी गोष्ट सांगायला लेख लिहावा लागतो, हीच शोकांतिका.

दुसऱ्या लाटेतली काळी बुरशीही आठवा. तीही ‘कोरोनाची नव्हे, बुरशीची’ म्हणून हिशेबाबाहेर काढाल. पण ती आली कोरोनाच्याच मागून, वाढलेल्या साखरेवर आणि बेहिशेबी स्टिरॉइडवर पोसून. मे २०२१ मध्ये केंद्राने राज्यांना ती नोंदणीयोग्य आजार म्हणून जाहीर करायला सांगितलं. बधिर गाल, डोळ्याखालची सूज, नाकावरचा काळपट डाग, टाळूवरची काळी खपली या खुणांना एमआरआय लागत नव्हता. लागत होता मास्क क्षणभर खाली करणारा रुग्ण आणि तोंडात बॅटरी मारून पाहणारा डॉक्टर. डाग दिसल्यापासून डोळा काढावा लागेपर्यंत किती थोडा अवकाश असतो, हे ज्यांनी पाहिलं ते ‘कातडीचं काय एवढं’ असं पुन्हा म्हणत नाहीत.

तिसऱ्या दाव्यात थोडं तथ्य आहे, म्हणून तोच जास्त मिरवला जातो. पुरळ हे खात्रीचं लक्षण नाही, त्यावरून कोरोना ठरत नाही. कबूल! मग ताप खात्रीचा होता? खोकला खात्रीचा होता? हिंदमाताला पाणी भरलं की दोन आठवड्यांत दादर-परळचे दवाखाने तापाच्या रुग्णांनी भरतात. लेप्टो, डेंगी, मलेरिया, टायफॉइड, सगळ्यांची सुरुवात तापानेच. तरीही कपाळाला तापमापक लावल्यावाचून कोणाला मॉलमध्ये सोडत नव्हतो. खात्रीचं नसणं तापाला माफ आणि पुरळाला गुन्हा, हा कुठला न्याय?

उलट, खूण संदिग्ध असते तेव्हाच ती नीट पाहावी लागते. बँकॉकमध्ये २०२०च्या सुरुवातीला एका रुग्णाच्या अंगावर बारीक रक्ताळ ठिपके होते, प्लेटलेट कमी होत्या. डॉक्टरांनी सरळ डेंगी ठरवला. निघाला कोरोना, आणि तोवर निदान लांबलं. हवा, डास, पाऊस आणि रुग्णांची गर्दी पाहता मुंबईच्या कुठल्याही डॉक्टरला बँकॉक परकं वाटू नये. असा रुग्ण चिंचपोकळीच्या दवाखान्यात आला असता, तर ‘डेंगीच आहे’ म्हणून तो दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसांत आणि मजल्यावरच्या सामाईक संडासाच्या रांगेत परत गेला असता. ठिपक्यांवर काचेचा पेला दाबला की कळतं, रंग विरतो की राहतो. विरला नाही तर रक्त त्वचेत उतरलंय. मग प्लेटलेट, मग डेंगीची तपासणी, आणि साथ चालू असेल तर कोरोनाचीही. यासाठी एक पेला लागतो आणि मिनिटभर वेळ.

कोणी म्हणेल, पुरळाचा असा बागुलबुवा केला असता तर लोक घाबरले असते, लपवालपवी वाढली असती. लोक खोकलाही लपवत होतेच. भीती डॉक्टरने अंग पाहण्यातून जन्मली नव्हती. पॉझिटिव्ह म्हटलं की जिन्याला बांबू आणि कुटुंब विलगीकरण केंद्रात, या पद्धतीतून ती जन्मली. बांबू बांधणाऱ्यांनी डोळे मिटण्याचं समर्थन रुग्णाच्या भीतीने करू नये.

या सगळ्यातला विनोद असा की यंत्रणेचं त्वचेवाचून क्षणभरही चाललं नाही. १५ सप्टेंबर २०२० रोजी ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम सुरू झाली. पथकं घरोघर फिरली, ताप आणि प्राणवायू मोजत. कपाळावर रोखलेलं ते पिस्तूल काय मोजतं? कपाळाच्या कातडीची उष्णता. बोटाला लावलेला ऑक्सिमीटर काय करतो? बोटाच्या कातडीतून उजेड पलीकडे पाठवून रक्ताचा रंग वाचतो. अख्ख्या राज्याच्या कातडीला उपकरणं लावली, फक्त तिच्याकडे नजर टाकली नाही. केंद्राने १३ जून २०२० रोजी लक्षणांच्या यादीत वास आणि चव जाणं घातलं, ते बरं केलं. त्वचेला त्या यादीत जागा मिळाली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत मात्र पुरळ आणि बोटांचा बदललेला रंग दोन्ही होते.

आणि कातडीचा रंगही गौण नाही. डिसेंबर २०२० मध्ये मिशिगनच्या डॉक्टरांनी दाखवून दिलं की ऑक्सिमीटर ९२ ते ९६ दाखवत असताना रक्तातला प्राणवायू प्रत्यक्षात ८८च्या खाली असण्याचं प्रमाण गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के होतं आणि काळ्या रुग्णांत ११.७. सावळ्या-काळ्या माणसांच्या या शहरात ‘आकडा बरा आहे, घरीच थांबा’ असं आपण किती निर्धास्तपणे सांगत होतो! त्वचा आणि फुप्फुसं यांचा संबंध काय, असं विचारणाऱ्यांनी हा आकडा पुन्हा वाचावा.

इथेच चौथा दावा कोसळतो. ‘आपल्या रंगावर असं काही दिसत नाही’, असं पुष्कळ डॉक्टरही म्हणतात. दिसणार कसं? पाहायला शिकवलंय कोणी? कोरोनाच्या त्वचालक्षणांवरच्या सुरुवातीच्या लेखांतली १३० छायाचित्रं अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञ जेना लेस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासली. त्यातली ९२ टक्के गोऱ्या ते फिक्या वर्णाच्या त्वचेची होती. सर्वांत गडद अशा दोन वर्णांचं एकही चित्र नव्हतं. गोऱ्या पाठीवर जे गुलाबी दिसतं ते सावळ्या पाठीवर जांभळट, तपकिरी किंवा नुसतं राखाडी दिसतं. कधी रंग कळतच नाही. तेव्हा पालथ्या हाताला लागणारी ऊब, बोटाखाली जाणवणारा उंचवटा आणि ‘तुझा रंग नेहमी असाच असतो का?’ हा प्रश्न यांनी निदान होतं. अंधाऱ्या खोलीत ट्यूबलाइटखाली काढून व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फोटोत यातलं काय येणार? २५ मार्च २०२० रोजी दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वं आली, ती हवीच होती. पण खिडकीपाशी जाऊन दिवसाच्या उजेडात फोटो काढा, एवढं तरी रुग्णाला सांगणारं कोणी हवं होतं.

‘कोविड टोज’चं काय, असं विरोधक इथे हमखास विचारतात. थंड देशांत हिवाळ्यात पायाची बोटं लालजांभळी होऊन सुजतात, खाजतात, तशी बोटं २०२०च्या वसंतात युरोपातल्या तरुणांत दिसू लागली. पुढे त्यांच्यातल्या अनेकांच्या तपासण्या निगेटिव्ह आल्या आणि विषाणूशी त्यांचं नातं नेमकं काय, यावर वाद राहिला. बरं, मग? शंका निघाली ती कोणीतरी बोटं पाहिली, नोंदली, तपासली म्हणून. न पाहणाऱ्याची कधी चूकही निघत नाही, हा त्याचा मोठेपणा समजायचा का?

पाचवा दावा सगळ्यांत उर्मट आहे. हे तज्ज्ञांचं काम, गल्लीतल्या डॉक्टरचं नव्हे. मुंबईत बसून हे म्हणायला धाडस लागतं. १८९६च्या सप्टेंबरात या शहरात प्लेग शिरला, तेव्हा तो पहिल्यांदा ओळखला कोणी? मांडवी भागात रुग्ण पाहणाऱ्या डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस या गोव्याच्या डॉक्टरने. तीव्र ताप आणि जांघेतली गाठ एवढ्यावर. प्रयोगशाळेची खात्री मागाहून आली, प्लेगची लस करणारे हाफकिन त्याच्याही मागाहून आले, आणि ज्या कायद्याच्या आधारेही २०२० मध्ये आपल्याला घरात बसवण्यात आलं तो साथरोग कायदा १८९७ मध्ये त्याच प्लेगपायी झाला. या सगळ्याच्या आधी होता एक डॉक्टर आणि रुग्णाच्या अंगावर ठेवलेला त्याचा हात. देवीचं उच्चाटनही आठवावं. सत्तरच्या दशकात आरोग्यसेवक देवीचे फोड आलेल्या मुलाचं चित्र हातात घेऊन गावोगाव विचारत फिरले, ‘असं कोणाला झालंय का?’ रुग्ण दाखवणाऱ्याला बक्षीस होतं. बाजारातली बाई आणि शाळेतलं पोर ज्या देशात कातडी पाहून साथ शोधत होतं, तिथे पदवीधर डॉक्टरला हे जमणार नाही असं म्हणता?

आणि तज्ज्ञ होते कुठे? २०२०च्या उन्हाळ्यात बहुतेक ठिकाणी त्वचेच्या बाह्यरुग्ण विभागांना टाळं होतं, नायर पूर्ण कोविडला दिलेलं होतं, केईएममध्ये सगळ्या शाखांचे निवासी डॉक्टर कोविडच्या पाळ्या करत होते. लालबाग, काळाचौकी, खेतवाडी, फणसवाडी इथे जे दवाखाने उघडे राहिले, ते जनरल प्रॅक्टिशनरांचे, त्यात मोठा वाटा आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या पदवीधरांचा. पीपीई किटसाठी त्यांनी खिशातून पैसे घातले. कित्येक त्याच खुर्चीवरून रुग्ण होऊन उठले आणि परतले नाहीत. त्यांना शिकवायचं नाही, कळवायचं नाही, त्यांनी पाहिलेलं नोंदवायची सोय करायची नाही, आणि मग म्हणायचं, यांना काय कळतं!

डॉक्टरने पाहिलं नाही की जागा रिकामी राहत नाही. तिथे केमिस्ट येतो. ‘खाज येते’ म्हटलं की काउंटरवरून स्टिरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध एकत्र कालवलेली ट्यूब पुढे सरकते. मार्च २०१८ मध्ये केंद्राने १४ स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. ती बंदी किती पाळली जाते, हे रस्त्यावरच्या कुठल्याही दुकानात पाच मिनिटं उभं राहिलं तरी कळेल. ती ट्यूब पुरळाचं रूप बदलते, गजकर्ण हटवादी करते, आणि नंतर येणाऱ्या तज्ज्ञालाही फसवते. तुमच्या तुच्छतेचा धंदा असा दुसऱ्याच्या गल्ल्यात जमा होतो.

राहता राहिली शिळी कढी. २०२२च्या अखेरीस गोवंडीत गोवराने मुलं गेली, आणि पुन्हा चिंचपोकळीचं कस्तुरबा रुग्णालय भरलं. त्याच वर्षी जगभर एमपॉक्स पसरला, ज्याची ओळखच फोडांवरून. चिकुनगुनियानंतर नाकावर येणारी काळपट झाक आपले जुने डॉक्टर दारातूनच ओळखतात. साथी येतच राहणार, आणि त्यांतल्या अनेक पहिला निरोप कातडीवरच लिहिणार. कोरोनाचा धडा शिकायचा नसेल, तर नापास कोणत्या विषयात झालो तेवढं तरी लिहून ठेवा.

म्हणून मागणं ठोस आहे, आणि स्वस्तही. नोव्हेंबर २०२२ पासून महापालिकेने ‘आपला दवाखाना’ उघडले. तिथल्या प्रत्येक टेबलावर एक पांढरा उजेड देणारा दिवा, एक भिंग आणि एक काचेचा पेला ठेवा. केसपेपरवर तापाच्या शेजारी त्वचेची ओळ छापा, आणि ती कोरी सोडायला मनाई करा. पुरळ कधी आलं, तापाच्या आधी की नंतर, घरात आणखी कोणाला, नवं औषध कोणतं, हे चार प्रश्न विचारणं सक्तीचं करा. सावळ्या त्वचेवरची चित्रं केईएम, नायर, सायनच्या त्वचा विभागांनी जमवून प्रत्येक खासगी दवाखान्यापर्यंत पोहोचवावीत. एकाच चाळीत एकाच आठवड्यात तीन पुरळं दिसली तर वॉर्डाच्या आरोग्य अधिकाऱ्याला फोन जावा, आणि तो फोन उचलला जावा. चाळीतल्या बाईला तपासायला बंद जागा नसेल, पडदा नसेल, तर तीही सोय करा. अंग दाखवायला संकोच वाटतो ही तिची चूक नव्हे.

त्वचा हा शरीराचा सर्वांत मोठा अवयव आहे, आणि फुकट तपासता येणारा तो एकच. कोट्यवधींची यंत्रं आणली, घराघरात आकडे मोजले, आणि फुकटातली तपासणी तेवढी कमी प्रतीची ठरवली. हा शास्त्राचा काटेकोरपणा नव्हता. गरिबाच्या शरीराबद्दलची आणि ते रोज पाहणाऱ्या डॉक्टरबद्दलची ती बेफिकिरी होती. ज्याने रुग्णाचं अंग पाहिलं नाही, त्याने रुग्ण तपासला असं म्हणू नये. आणि ज्या शहराच्या केसपेपरवर त्वचेला एक ओळ मिळत नाही, त्या शहराने पुढच्या साथीची तयारी झाली असं जाहीर करण्याचं धाडस करू नये.